ओंडक्यांनी आखलेल्या वाटा

पॅरिसच्या आग्नेयेस, द्राक्षमळ्यांसाठी आणि मठांसाठी जगभर नावाजलेल्या बुर्गोन्य प्रांताच्या ऐन मध्यावर, ग्रॅनाइटचा एक काळसर, दाट झाडीने झाकलेला उंचवटा आहे. त्याला मॉर्व्हाँ म्हणतात. निएव्हर, योन, कोत-द'ओर आणि सोन-ए-ल्वार या चार जिल्ह्यांच्या सीमा त्याच्या अंगावरून जातात, आणि त्याचे सर्वांत उंच शिखर, ओ-फोलँ, अवघे ९०१ मीटरांचे आहे, म्हणजे आल्प्स पर्वत पाहिलेल्या माणसाने त्याला डोंगर म्हणण्याआधी थोडा विचार करावा इतकेच. तरीही सायकलस्वाराला हा प्रदेश दमवतो, कारण येथे एक मोठा चढ नसून शंभर लहान चढ आहेत, आणि प्रत्येक उताराच्या तळाशी एखादा ओढा, एक चिमुकला पूल आणि लगेच पुढचा चढ उभा असतो. १९७० मध्ये या प्रदेशाला प्रादेशिक निसर्ग उद्यानाचा दर्जा मिळाला. हा दर्जा राष्ट्रीय उद्यानासारखा कडक नाही. त्यात गावे, शेती आणि लाकूडतोड चालूच राहतात, फक्त त्यांचा मेळ निसर्गरक्षणाशी कसा घालावा याची एक सनद गावे, जिल्हे आणि शासन मिळून ठरवतात.

गेल्या काही वर्षांत मॉर्व्हाँचे नाव ज्या निमित्ताने सायकलस्वारांच्या तोंडी येऊ लागले आहे ते म्हणजे मोटारींचा स्पर्श नसलेल्या खडीच्या वाटांवरची भटकंती, ज्याला सर्वत्र ग्रॅव्हल बायकिंग म्हटले जाते. ग्रॅव्हल सायकल ही शर्यतीची सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली जात आहे: तिचे हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले असते, पण टायर साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद, ब्रेक डिस्कचे, आणि गिअर इतके हलके की सामान लादूनही खडा चढ बसल्या जागेवरून चढता यावा. टायरमध्ये हवा मुद्दाम कमी, दोन-तीन बारच्या आसपास ठेवतात, म्हणजे रबर खडीवर आपटून उसळण्याऐवजी तिच्यावरून दबून जाते. या प्रकाराला आजचे नाव आणि लौकिक अमेरिकेने दिला. कॅन्सस राज्यातील दोनशे मैलांची शर्यत २००६ पासून भरते, आणि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने पहिली ग्रॅव्हल जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत घेतली. फ्रेंचांना मात्र यात फारसे नवल वाटू नये. सँत-एतिएन येथील पोल द व्हिव्ही, जो व्हेलोसियो या टोपणनावाने ओळखला जाई, तो १८८७ पासून चालवलेल्या आपल्या नियतकालिकातून लांब पल्ल्याच्या भटकंतीसाठी अनेक गिअरांचा पुरस्कार करीत होता, आणि पुढे फ्रान्समध्ये रुंद टायरांच्या, कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या प्रवासी सायकलींची एक परंपराच उभी राहिली. शब्दाचीही तीच गत आहे: इंग्रजीतला 'ग्रॅव्हल' हा शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधला, नदीकाठच्या वाळूगोट्यांच्या पुळणीला जे 'ग्रेव्ह' म्हणत त्याचे लघुरूप. पॅरिसच्या नगरभवनासमोरील चौकाला शतकानुशतके प्लास द ग्रेव्ह असेच नाव होते, कारण तेथे सेन नदीच्या अशा पुळणीवर नावांमधून धान्य, दारू आणि लाकूड उतरवले जाई. हा योगायोग मॉर्व्हाँच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण येथील बहुतेक चांगल्या वाटा अखेर पॅरिसच्या लाकडापाशी जाऊन पोहोचतात.

वाटांचा विचार जमिनीपासून करावा लागतो. ग्रॅनाइट हा कठीण दगड असला तरी हजारो वर्षांच्या पावसाने आणि गारठ्याने त्याचे कण सुटे होतात आणि त्याचा एक भरड, पिवळसर मुरूम तयार होतो. फ्रेंच भूशास्त्रज्ञ त्याला 'आरेन' म्हणतात. मॉर्व्हाँचा मुरूम पाणी धरून ठेवत नाही. पश्चिमेकडून येणारे ढग बुर्गोन्यच्या सपाटीवरून सरळ येतात ते प्रथम येथेच अडतात, त्यामुळे उंच भागात पाऊस भरपूर पडतो. तरीही सरींनंतर काही तासांत मुरमाची वाट पुन्हा घट्ट होते, चाक रुतत नाही. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, जेथे चिकणमाती आणि चुनखडी सुरू होते, तेथे मात्र याच पावसाने टायरांवर मातीचे थर चढतात आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. नकाशावर दोन्ही वाटा एकाच तुटक रेषेने दाखवलेल्या असतात, हे नवख्याने ध्यानात ठेवलेले बरे.

पण जमीन अनुकूल असली म्हणून वाट तयार होत नाही. वाट कोणाच्या तरी कामासाठी तयार होते. मॉर्व्हाँमध्ये ते काम तीन शतकांहून अधिक काळ एकच होते, पॅरिसच्या चुलींना आणि शेकोट्यांना लाकूड पुरवण्याचे. १६ व्या शतकाच्या मध्यापर्यंत राजधानीच्या जवळपासची अरण्ये अपुरी पडू लागली होती, आणि ओंडके पाण्यावर सोडून दूरच्या डोंगरांतून आणण्याची युक्ती अमलात आली. परंपरा तिचे श्रेय झाँ रुव्हे या पॅरिसच्या व्यापाऱ्याला देते. पद्धत अशी होती: हिवाळ्यात बीच आणि ओक तोडून त्यांचे सव्वा मीटरहून थोडे कमी लांबीचे तुकडे करीत, प्रत्येक तुकड्याच्या टोकावर मालकाची खूण हातोड्याने ठोकीत, आणि ते ओढ्याकाठी रचून ठेवीत. ओढे तर इतके लहान की एरवी त्यांतून बदकही जेमतेम पोहावे. म्हणून वरच्या अंगाला तळी बांधलेली असत, आणि ठरल्या दिवशी त्यांची दारे उघडली की पाण्याच्या लोंढ्याबरोबर हजारो ओंडके सुटे सुटे खाली धावत. काठाने लांब काठ्या घेतलेली माणसे, बायका आणि मुलेही धावत, अडकलेले ओंडके मोकळे करीत. योन नदीवरील क्लाम्सी या गावी ओंडके बाहेर काढून खुणांप्रमाणे वेगळे केले जात, मग त्यांचे लांबलचक तराफे बांधून ते सेनमधून पॅरिसला नेले जात, आणि तराफेवाले परतीची वाट पायी तुडवीत.

या 'काठाने धावण्या'ला वाटांच्या इतिहासात मोठे महत्त्व आहे. ओंडके वाहणाऱ्या प्रवाहाच्या काठी माणसांना चालण्यापुरती जागा मोकळी सोडणे काठच्या जमीनमालकांवर १६७२ च्या राजाज्ञेने बंधनकारक केले होते. क्यूर, योन आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठच्या अनेक पाऊलवाटांची सलगता, शेत कोणाचेही असले तरी वाट तुटत नाही हा अनुभव, अशा अधिकारांच्या छायेत घडला. दे सेतों हा तलाव, ज्याच्या भोवती आज हॉटेले, शिडाच्या होड्या आणि सुमारे पंधरा किलोमीटरांची प्रदक्षिणेची वाट आहे, तोही १८५४ ते १८५८ या काळात क्यूर नदीवर धरण बांधून तयार झाला, तो पर्यटनासाठी नव्हे, तर ओंडके वाहून नेण्यासाठी पाण्याचा मोठा लोंढा हाताशी असावा म्हणून. तेव्हा दगडी कोळसा आणि रेल्वे यांनी लाकडाच्या व्यापाराचा पाया आधीच पोखरायला सुरुवात केली होती. धरण उशिरा आले असेच म्हणावे लागते.

लाकडासाठीच निएव्हर जिल्ह्यात आणखी एक मोठे काम निघाले, आणि मॉर्व्हाँमधील सर्वांत विलक्षण सायकलवाट त्याचे उपफळ आहे. योन आणि ल्वार या दोन नद्यांच्या खोऱ्यांना जोडणारा निव्हेर्ने कालवा १७८४ मध्ये सुरू झाला, क्रांतीत आणि युद्धांत रखडला, आणि १८४० च्या दशकात पुरा झाला. त्याची लांबी १७४ किलोमीटर आहे. कालव्याच्या काठी नावा दोराने ओढणाऱ्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी ठेवलेली सपाट पट्टी असते, आणि निव्हेर्नेची ही पट्टी आज बुर्गोन्यच्या मोठ्या सायकल प्रदक्षिणेचा भाग आहे. पण दोन खोऱ्यांमधला जलदुभाजक ओलांडणाऱ्या प्रत्येक कालव्याची एकच मोठी अडचण असते: त्याच्या माथ्यावर पाणी आणायचे कोठून? प्रत्येक नाव वर चढताना आणि खाली उतरताना जलद्वारांतून माथ्याचे पाणी दोन्हीकडे सांडते, आणि ते सतत भरून काढावे लागते. अभियंत्यांनी त्यासाठी योन नदीचे पाणी वरच्या अंगालाच, मॉर्व्हाँच्या आत, अडवून एका पाटाने माथ्यापर्यंत नेले. तो पाट म्हणजे रिगोल द'योन.

हा पाट सुमारे २५ किलोमीटर लांब आहे, आणि पाणी स्वतःच्या ओढीने पण न धावता वाहावे म्हणून त्याला नावापुरताच उतार दिलेला आहे. परिणाम असा की डोंगराच्या प्रत्येक सोंडेला तो वळसा घालतो, प्रत्येक घळीत आत शिरून पुन्हा बाहेर येतो, समोच्च रेषा जमिनीवर कोणी निळ्या शाईने ओढावी तसा. त्याच्या कडेने पाटाची देखरेख करणाऱ्यांसाठी, आपल्याकडे पाटकऱ्याची असते तशी, एक वाट ठेवलेली आहे, आणि तीच आज चालणाऱ्यांची व सायकलस्वारांची झाली आहे. एका बाजूला हातभर अंतरावर संथ पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेली झाडी, टायरखाली कधी दाबलेली माती, कधी गवत, कधी मुरूम. आणि शंभर लहान चढांच्या या प्रदेशात तासन्‌तास चढ म्हणून नाही. मोंत्रय्यों या गावापाशी तर दरीला वळसा घालणे शक्य नव्हते, तेव्हा योन नदीच्या डोक्यावरून पाट नेण्यासाठी १५२ मीटर लांब आणि ३३ मीटर उंच असा तेरा कमानींचा दगडी जलसेतू उभारला गेला. नदीचेच पाणी नदीला ओलांडून जाते. त्यातील वास्तुविद्येचे कौतुक पुष्कळांनी केले आहे, पण सायकलस्वाराच्या दृष्टीने खरी करामत त्या आधीच्या आणि नंतरच्या किलोमीटरांत आहे, जेथे डोंगर असूनही तो जाणवत नाही.

रेल्वेने मागे ठेवलेल्या वाटांचे गणितही याच जातीचे, कारण गाडीच्या चाकालाही चढ सोसत नाही. कोर्बिन्यी ते सोल्यो अशी मीटर रुंदीची एक अरुंद रेल्वे १९०१ मध्ये मॉर्व्हाँच्या आरपार धावू लागली. तिच्या धडधडीवरून आणि रडतखडत चालीवरून लोक तिला 'ताको' म्हणत. १९३९ मध्ये ती बंद पडली. तिच्या खुणा आज कोठे जंगलातल्या सपाट पट्टीच्या, कोठे सुट्या दगडी पुलाच्या रूपाने सापडतात, पण ती सलग उरलेली नाही, आणि कोठे ती शेतात विरून गेली आहे तर कोठे डांबरी रस्त्याने गिळली आहे. बंद रेल्वेमार्गाचे संपूर्ण रूपांतर पाहायचे तर मॉर्व्हाँच्या बाहेर, पण बुर्गोन्यमध्येच, जिव्ही ते क्लुनी या ४४ किलोमीटरांच्या मार्गाकडे पाहावे. तो १९९७ मध्ये खुला झाला आणि फ्रान्समधील पहिली 'व्ह्वा व्हेर्त', म्हणजे हरितवाट, म्हणून ओळखला जातो. हा शब्द पुढे कायद्यातही आला: २००४ मध्ये वाहतूक संहितेने हरितवाटेची व्याख्या केली, की जी केवळ पादचाऱ्यांसाठी, घोडेस्वारांसाठी आणि बिनमोटारी वाहनांसाठी राखलेली आहे ती. ती मात्र बहुधा डांबरी किंवा अगदी गुळगुळीत असते, आणि ग्रॅव्हलच्या खऱ्या षौकिनाला ती थोडी मिळमिळीत वाटते.

मॉर्व्हाँच्या वाटा मोकळ्या राहिल्या यामागे आणखी एक कारण आहे, जे पर्यटनाच्या पुस्तिकांत क्वचितच लिहिले जाते: येथून माणसे गेली. डोंगर गरीब होता. आनो या गावाच्या आसपासचे 'गाल्व्हाशे', म्हणजे बैलगाडीवाले, वसंतात आपल्या बैलजोड्या घेऊन दूरच्या प्रांतांत लाकूड ओढायला जात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी परतत. बायका दाई म्हणून पॅरिसच्या श्रीमंत घरांत जात, किंवा राजधानीची अनाथ मुले पगारावर घरी सांभाळायला आणत. आलिन्यी या गावात त्याचे संग्रहालय आहे, आणि पुढे लेखक म्हणून गाजलेला झाँ झने अशाच पोरक्या मुलांपैकी एक म्हणून याच गावात वाढला. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून लोकसंख्या घटत गेली, वाड्या ओस पडल्या, शेतांवर जंगल चढले, पण शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटा, दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मध्ये खोल चाकोऱ्या असलेल्या, तशाच राहिल्या. आजच्या शांततेतला मोठा वाटा या रिकामेपणाचा आहे, आणि तो आनंदाने मिरवावा असा नाही.

त्या जंगलाचेही रूप बदललेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वननिधीच्या मदतीने, मॉर्व्हाँच्या जुन्या बीच-ओकच्या राईत आणि पडीक शेतांत सूचिपर्णी झाडे, विशेषतः अमेरिकेतून आलेले डग्लस, रांगेने लावली गेली, आणि आज जंगलाचा सुमारे अर्धा भाग सूचिपर्णी आहे. डग्लस चाळीस-पन्नास वर्षांत कापायला येतो, आणि त्याची तोड मुख्यतः सरसकट असते: एका ठिकाणचा सारा पट्टा एकदम उघडा. या तोडीविरुद्ध मॉर्व्हाँमध्ये तीव्र नापसंती आहे. काही नागरिकांनी एकत्र येऊन, समभाग काढून, पानझडी जंगल विकत घेऊन ते तोडीपासून वाचवण्याचे मार्गही धरले आहेत. सायकलस्वार या वादात बाहेरचा असला तरी तोडीचा लाभार्थी आहे हे मान्य करावे लागते, कारण ओंडके लादलेल्या जड ट्रकांसाठी जे खडीचे वनरस्ते बांधले जातात, मजबूत, रुंद, मध्यम चढाचे, तेच ग्रॅव्हल सायकलला सर्वांत मानवतात. ट्रक वर्षातून काही आठवडे येतात. उरलेले दिवस रस्ता रिकामा असतो, तोंडाशी आडवा लोखंडी अडसर, आणि पलीकडे किलोमीटर न्‌ किलोमीटर कोणी नाही.

तो अडसर मोटारींसाठी असतो की सर्वांसाठी, हा प्रश्न मात्र मोलाचा आहे. फ्रान्सच्या जंगलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश खासगी मालकीचे आहे, आणि मॉर्व्हाँमध्ये हे प्रमाण त्याहूनही जास्त आहे. गावची वाट, जिला 'शमँ र्‍यूराल' म्हणतात आणि जिची तुलना आपल्याकडील पाणंदीशी करता येईल, ती ग्रामपालिकेच्या मालकीची पण सर्वांच्या वापरासाठी खुली असते. शासकीय जंगलातील रस्त्यावर, मनाई नसेल तर, सायकल चालते. खासगी वनरस्ता मालकाच्या संमतीवर चालतो, आणि जेथे चिन्हांकित सायकलमार्ग त्यावरून नेलेला असतो तेथे ती संमती आधीच घेतलेली असते. ३ जानेवारी १९९१ च्या कायद्याने नैसर्गिक प्रदेशात रस्त्यांबाहेर मोटारवाहने चालवण्यास बंदी घातली, ज्यामुळे या वाटा मोटारसायकलींपासूनही सुरक्षित राहिल्या. पण २ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्याने, जो मुळात जंगलांना घातलेल्या उंच कुंपणांना आवर घालण्यासाठी आला, फलक लावलेल्या खासगी जंगलात विनापरवाना शिरणे हाही दंडनीय गुन्हा केला, आणि त्याचा ठोक दंड १३५ युरो आहे. त्यामुळे केवळ उपग्रहाच्या छायाचित्रावर पांढरी रेघ दिसली म्हणून ती वाट धरणे शहाणपणाचे नाही. फ्रेंच भूगोल संस्थेचा १ : २५,००० प्रमाणाचा नकाशा, आणि वाटेवरचा त्रिकोणाशेजारी दोन वर्तुळे असलेला सायकलमार्गाचा फलक, ज्यावरील अंकाचा हिरवा, निळा, लाल किंवा काळा रंग अवघडपणा सांगतो, ही दोन साधने अधिक भरवशाची आहेत.

शिकारीच्या हंगामाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत रानडुक्कर आणि हरणांच्या हाक्याच्या शिकारी चालतात, आणि नेमकी तीच शरद ऋतूतली बीचच्या पिवळ्या पानांची वेळ सायकलस्वारांनाही हवी असते. शिकार चालू असलेल्या भागाच्या तोंडाशी फलक लावलेला असतो; तो दिसल्यावर वाट बदलावी, आणि अंगावर भडक रंगाचे कपडे असावेत. गावच्या पालिकेच्या कचेरीत विचारले तर शिकारीचे दिवस सांगतात.

ज्याला मॉर्व्हाँमध्ये इतिहासाची सोबत हवी असेल त्याने दक्षिणेकडे बव्ह्रे डोंगरावर, ८२१ मीटरांवर, बिब्राक्त पाहावे. एदुई या गॉल टोळीची ही राजधानी, जेथे इसवी सनपूर्व ५२ मध्ये व्हेर्सँजेतोरिक्सला रोमनांविरुद्धच्या लढ्याचे सर्वोच्च नेतृत्व देण्यात आले, पुढे लोक खाली ओतँला राहायला गेल्यावर जंगलाखाली गडप झाली, आणि १८६७ पासून झाक-गाब्रिएल ब्युलियोच्या उत्खननांनी पुन्हा उजेडात आली. तेथील संग्रहालय १९९५ पासून खुले आहे. उत्तरेकडच्या दाट भागात महायुद्धातील प्रतिकार चळवळीच्या आठवणी आहेत: ऊरूजवळच्या जंगलात, डांबरी रस्त्यापासून दूर, फ्रेंच बंडखोर आणि ब्रिटिश वैमानिक एकाच दफनभूमीत निजले आहेत, आणि द्यँ-ले-प्लास या गावात जून १९४४ मध्ये जर्मन सैन्याने २७ पुरुषांना ठार केले. ज्या झाडीने त्या बंडखोरांना लपवले ती आज सायकलस्वारांना सावली देते, एवढे सांगून पुढे जावे.

सायकल घेऊन येथे पोहोचणे सोपे आहे, कारण ओसेरहून एक रेल्वेफाटा क्लाम्सीमार्गे कोर्बिन्यीपर्यंत येतो आणि या प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते. ताको जेथून निघे तेथेच तो संपतो. पहिल्याच खेपेला चिन्हांकित डोंगरी मार्गांवर जाण्याऐवजी रिगोल द'योनचा पाट धरावा, एका दिवसात तो सावकाश पुरा होतो, आणि पान्सिएरच्या तलावापाशी थांबावे. १९४९ मध्ये पुऱ्या झालेल्या या तलावाचे काम पॅरिसला पुरापासून वाचवणे आणि उन्हाळ्यात सेनला पाणी पुरवणे हे आहे. त्याच्या खालून पाट निघतो आणि २५ किलोमीटर पुढे निव्हेर्ने कालव्याच्या माथ्यावर आजही पाणी टाकतो. फरक इतकाच की कालव्यातून आता लाकडाच्या नव्हे, सुटीवर आलेल्या माणसांच्या नावा जातात.